रौज्याच्या डोंगरावरचे घर

सहा वर्षांत कुलूप गंजले असेल म्हणून निघताना आम्ही खोबरेल तेलाची छोटी बाटली बरोबर घेतली होती. किल्ली खिशात होती, पण फुफीने गाडीत बसतानाच हात पुढे केला. "किल्ली मेरे पास दो. दरवाजा मैंच खोलती." सत्तरी गाठलेल्या बाईशी वाद कोण घालणार? आम्ही किल्ली दिली. तिने ती ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

खुलताबादला आमच्या घरात आजही 'रौजा'च म्हणतात. रौज्याच्या पुढे, म्हैसमाळच्या वाटेला, डोंगराच्या अंगावर दादाजानांनी बांधलेले दोन खोल्यांचे दगडी घर आहे. भोवती साडेतीन एकर जमीन. त्यातली निम्मी तर नुसता उतार आणि खडकच. अब्बांचा इंतकाल झाला त्या वर्षी घराला कुलूप लागले. आमच्या नोकऱ्या, मुलांच्या शाळा, अम्मींचे गुडघे. सुट्टी आली की कोणाचे तरी लग्न निघायचे. असे करत सहा वर्षे गेली.

या दिवाळीच्या सुट्टीत मात्र जाणे भाग होते. शहरातल्या एका गिऱ्हाइकाने जमीन मागितली होती. त्याला तिथे सुट्टीच्या दिवशी राहायला येणाऱ्यांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. भाव चांगला होता. पुण्यातले चुलतभाऊ तयार होते, धाकट्या चाचांनी "बघा बुवा तुम्हीच" म्हणून अंग काढून घेतले होते. आम्ही जायचे, फोटो काढायचे, हद्दीचे दगड जागेवर आहेत का ते पाहायचे आणि इसार घ्यायचा, असे ठरले होते. फुफीला हे कोणी नीट सांगितले नव्हते. घर उघडायला चाललोय एवढेच ऐकून ती पिशवी भरून तयार झाली होती.

शहरातून छावणी, मिटमिटा, शरणापूर फाटा असे करत दौलताबाद आले. किल्ल्याला डाव्या हाताला ठेवून घाट चढताना दिल्ली दरवाजापाशी नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती. जुन्या तटबंदीतला हा दरवाजा इतका अरुंद की एका वेळी एकच मोठी गाडी जाते. मुले कंटाळली. आम्ही त्यांना सांगितले की १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून इथे हलवली, तेव्हा लोकांना याच डोंगरांकडे पाहत यावे लागले. धाकटा म्हणाला, "तेव्हा पण इतकं ट्रॅफिक होतं का?" फुफी हसली आणि तिने त्याला पिशवीतले शेंगदाणे दिले.

दरवाजातून बाहेर पडले की हवा बदलते. आमच्या लहानपणी एस.टी.तून जातानाही ती अशीच बदलायची. रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या टोपल्या घेऊन बायका बसलेल्या होत्या. पुढे कागजीपुरा लागला. इथल्या हातकागदाने कित्येक शतके दक्षिणेत नाव कमावले. दादाजान सांगायचे की जुन्या काळी कुरआन शरीफ लिहायला हा कागद मुद्दाम मागवला जाई. आज गाव छोटेसे दिसते, पण त्याच्या नावातच त्याचा धंदा आहे.

रौज्यात थांबलो ते कब्रस्तानासाठी. हे गाव अवलियांचे. हजरत निजामुद्दीन औलिया यांचे खलिफा हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब दिल्लीहून इथे आले आणि १३३७ मध्ये इथेच विसावले. त्यांच्यामागून कितीतरी सूफी, आलिम, शायर, सरदार आणि बादशहा या मातीत आले. पाहुण्यांना आम्ही मोठमोठ्या मकबऱ्यांची नावे सांगतो. पण आमचे दादाजान, दादी आणि अब्बा गावाबाहेरच्या साध्या कब्रस्तानात आहेत. पावसाळ्यात वाढलेले गवत कबरींवर आडवे पडले होते. आम्ही ते बाजूला केले, दुआ केली. फुफी दादाजानांच्या कबरीपाशी जरा जास्तच वेळ उभी राहिली. ती काय बोलली ते आम्हाला ऐकू आले नाही.

परतताना मलिक अंबरच्या मकबऱ्याकडे बोट दाखवून मुलांना एक गोष्ट सांगितली. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. त्याने १६१० मध्ये खडकी वसवली, तेच आपले आजचे छत्रपती संभाजीनगर. त्या शहराला पाणी नव्हते. त्याने उत्तरेच्या डोंगरातले झरे शोधले, जमिनीखालून नहर काढली, खापराच्या नळांतून पाणी शहरात आणले. नहर-ए-अंबरी ती हीच. १६२६ मध्ये तो वारला आणि इथे दफन झाला. शहराने डोंगराचे पाणी प्यायले आणि शहर वसवणारा डोंगरावर परत आला, असे म्हणायला हरकत नाही.

गावापुढे रस्ता चढू लागतो. दोन्ही बाजूंना मका कापून ठेवलेला, कणसांचे पिवळे ढीग, मधूनमधून अद्रकाचे हिरवे वाफे. आमच्या तालुक्यातले शेतकरी अद्रकावर मोठी भिस्त ठेवून असतात. भाव लागला तर घर बांधून होते, नाही लागला तर कर्ज होते. यंदा सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्याने खालच्या शेतांत पाणी साचून अद्रक सडले होते. उताराच्या शेतातले तेवढे वाचले. रस्त्याकडेचे ओढे अजून वाहत होते. काळतोंड्या वानरांची एक टोळी मक्याच्या ढिगाकडे डोळे लावून बसली होती आणि एक म्हातारी गोफण घेऊन त्यांच्याकडे.

गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवावी लागली. पुढची वाट पायी. कुसळी गवत कमरेइतके वाढलेले. पन्नास पावले चाललो नाही तोच सलवारी आणि पँटी कुसळांनी भरून गेल्या. फुफीने सलवार वर खोचली, हातातली काठी आपटत पुढे निघाली आणि आम्ही तिच्या मागे. सहा वर्षांत वाट बुजली होती, पण तिच्या पायांना ती माहीत होती.

घर उभे होते. आम्हाला भीती होती ती माळवदाची. धाब्यावर दरवर्षी पांढऱ्या मातीचा थर द्यावा लागतो, उंदरांची बिळे बुजवावी लागतात, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसातच ते गळते. सहा पावसाळ्यांत कोणी हात लावला नव्हता. मागच्या खोलीचा एक कोपरा खाली आला होता आणि ढिगाऱ्यावर गवत उगवले होते. पुढची खोली, ओसरी आणि पत्र्याचा सोपा मात्र शाबूत होता. काळ्या दगडाच्या भिंतींना काही झाले नव्हते. वेरूळची चौतीस लेणी ज्या खडकात कोरली, त्याच डोंगररांगेतला हा दगड.

फुफीने गाठ सोडली, कुलपात तेल सोडले, किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात ते उघडले नाही. दुसऱ्यातही नाही. आमचा हात पुढे गेला तसा तिने तो बाजूला सारला. मग "बिस्मिल्लाह" म्हणत तिने जोर लावला आणि कुलूप सुटले. आत वटवाघळांचा वास, कोनाड्यात अब्बांचा कंदील, खुंटीला दादींची तसबीह. जात्याच्या पाळीत कसलेसे घरटे. फुफीने चप्पल काढली, उंबरा ओलांडला आणि आधी झाडू शोधला.

दुपारपर्यंत झाडणे, पुसणे, ढिगारा उपसणे चालले. शेजारच्या वाडीतले आबा आवाज ऐकून आले. त्यांचे आणि आमच्या दादाजानांचे बांध लागून. वय फुफीएवढेच. ते फुफीला अक्का म्हणतात. "अक्का, आता येती का गं?" एवढेच ते म्हणाले आणि ओसरीच्या पायरीवर बसले. थोड्या वेळाने त्यांच्या सुनेने भाकरी, पिठले आणि हिरव्या मिरचीचा ठेचा आणून दिला. आम्ही शहरातून नान आणले होते, ते त्यांच्या घरी गेले.

आबांना जमिनीच्या सौद्याचे कळले होते. गावात अशा गोष्टी लपत नाहीत. त्यांनी ते थेट विचारले नाही. ते म्हणाले, "मास्तर, हिरीवर चला. पाणी बघा."

विहीर घराच्या खालच्या अंगाला आहे. यंदाच्या पावसाने ती काठोकाठ भरली होती. कडेला तरवडाची पिवळी फुले, वर एक वाकलेले सीताफळ. पाण्यावर निळा खंड्या बसून होता, आमची चाहूल लागताच उडाला. या विहिरीवर तीन नळ्या दिसल्या. एक आमची, बंद पडलेली. दुसरी आबांची. तिसरी वाडीच्या टाकीकडे जाणारी. एप्रिल-मे महिन्यांत वाडीच्या इतर विहिरी आटतात, तेव्हा सगळी वाडी या पाण्यावर असते. ही व्यवस्था कुठे लिहून ठेवलेली नाही. दादाजानांच्या काळापासून ती चालत आली आहे.

आम्हाला त्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न आठवला. घराचे विचारले नव्हते, रस्त्याचेही नाही. "विहीर कंपाउंडच्या आत येते ना?" असे त्याने विचारले होते आणि आम्ही मोठ्या उत्साहाने "हो, हो" म्हटले होते.

आबा म्हणाले, "ही हीर बहात्तरची." १९७२ चा दुष्काळ आम्ही पुस्तकात वाचला आणि वर्गात शिकवला. आबा आणि फुफी त्यात होते. तेव्हा हा नुसता आड होता, दहा-बारा हात खोल, आणि तो कोरडा पडला. दादाजानांनी तो खोल करायला घेतला. वरचा मुरूम पहार-कुदळीने निघाला, खाली काळा पाषाण लागला. सुरुंग लावायला पैसे नव्हते, म्हणून दादींच्या पाटल्या विकल्या. फुफी तेव्हा सतरा वर्षांची होती. तिचे भाऊ सरकारी कामावर खडी फोडायला जात. तिथे सुकडी मिळे आणि मजुरीही. घरी दादाजान आणि आबांचे वडील खाली उतरून दगड फोडत. वरून दोरीने टोपली ओढायची आणि दगड लांब नेऊन टाकायचा हे काम फुफी, दादी आणि आबांच्या बहिणी यांचे.

"कितने दिन?" आमच्या मुलीने विचारले.

"दिन कौन गिनता बेटा? लाल मिलो की रोटी खाते, दगड उठाते." फुफीने हात पुढे केला. उजव्या हाताचे मधले बोट पहिल्या पेरापासून वाकडे आहे. ते असेच आहे असे आम्ही जन्मापासून समजत होतो. ते टोपलीच्या दोरीत सापडले होते, हे त्या दिवशी कळले.

पाणी लागले तेव्हा दादाजानांनी वर येऊन तिथेच शुक्राची नमाज पढली. पुढच्या वर्षी फुफीचे लग्न झाले आणि ती सासरी गेली.

असरच्या नमाजनंतर फुफी मुलांना घेऊन उतारावर गेली. हा उतार म्हणजे आमच्या जमिनीतला सर्वांत नापीक तुकडा. मातीचा थर वीतभरही नाही. पण सीताफळाला असाच खडक मानवतो. त्याची पाने शेळ्या खात नाहीत, पाणी घालावे लागत नाही, पक्ष्यांनी आणि माणसांनी टाकलेल्या बियांतून ते आपोआप वाढते. मूळचे हे झाड अमेरिका खंडातले, पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आलेले, आणि आता आमच्या डोंगरांवर जणू इथलेच होऊन बसले आहे. आबांच्या घरी ते सीताफळ, आमच्या घरी ते शरीफा.

फळ कधी तोडायचे हे फुफीने शिकवले. खवल्यांच्या मधल्या फटी रुंदावून पांढुरक्या झाल्या की फळाने डोळे उघडले म्हणायचे. डोळे मिटलेले फळ तोडले तर ते पिकत नाही, काळे पडते. डोळे उघडलेली फळे घरात नेऊन गवतात अढी घालायची, दोन-तीन दिवसांत ती मऊ होतात. झाडावर पूर्ण पिकू दिली तर ती वानरांची आणि पोपटांची. प्रत्येक झाडावर शेंड्याची चार-दोन फळे तिने सोडून दिली. "वो उनकी है," असे वर बघत म्हणाली. बी गिळू नका, चावू नका आणि त्याची पूड डोळ्यांत जाऊ देऊ नका, हेही तिने दोनदा सांगितले.

मुलांना शाळेच्या पुस्तकात न भेटलेली कितीतरी नावे त्या एका तासात भेटली. तरवड, टाकळा, आघाडा, हिवर, टेंभुर्णी. घाणेरीची जाळी मात्र फुफीला अनोळखी वाटली. म्हणजे झुडूप तिला माहीत होते, पण इतके नव्हते. तिच्या लहानपणी जिथे गवत होते आणि तित्तर-लावे पळत, तिथे आता घाणेरीने वाट अडवली होती. कुलूप घराला लागले की ते आजूबाजूच्या जमिनीलाही लागते. गवत कापायला कोणी येत नाही, वाटा मोडतात, बांध ढासळतात, पहिल्या पावसात माती ओढ्यात जाते.

संध्याकाळी माथ्यावर चढलो. म्हैसमाळच्या बाजूला टीव्हीचा मनोरा दिसत होता, खाली वेरूळकडचा सपाट मुलूख धुरकट होत चालला होता. वर्गात आम्ही नकाशावर नद्या शिकवतो. इथे उभे राहिले की नकाशा लागत नाही. या डोंगराच्या एका अंगाचे पाणी येळगंगेत जाते, ती वेरूळला एकोणतिसाव्या लेण्यापाशी धबधबा होऊन कोसळते. दुसऱ्या अंगाचे पाणी गिरिजा नदी घेऊन जाते आणि पूर्णेला देते. दोन्हीकडचे पाणी शेवटी गोदावरीच्या खोऱ्यात जाते. एकाच ढगाचे थेंब माथ्यावर वेगळे होतात आणि फार दूर जाऊन पुन्हा एक होतात. मुलगी म्हणाली, "आपल्या चुलत्यांसारखे." आम्हाला हसू आले, पण ते पुरते आले नाही.

रात्री ओसरीवर इशाची नमाज झाली. थंडी पडू लागली होती. टिटवी ओरडत होती, लांबून कुठून तरी पिंगळ्याचा आवाज येत होता. शहरात आमच्या गच्चीवरून जेमतेम दहा-वीस तारे दिसतात. इथे मुले मोजायला लागली आणि थकून झोपली. तेव्हा आम्ही फुफीला सौद्याचे सांगितले.

ती रागावली नाही. तिला आधीच अंदाज होता. तिने फक्त विचारले, "मेरा अंगूठा लगना क्या उसपे?"

नाही लागणार, आम्ही म्हणालो. कारण तो एकदा लागून गेला होता. तीस-एक वर्षांपूर्वी दादींच्या इंतकालानंतर तिन्ही भावांनी हक्कसोडपत्र केले आणि फुफीने त्यावर अंगठा दिला. आमच्या घरात हे नेहमी कौतुकाने सांगितले जायचे. फुफीने एक शब्द न बोलता हक्क सोडला, किती मोठे मन! आम्हीही तेच ऐकत आलो होतो. त्या रात्री पहिल्यांदा आम्ही तिला विचारले की तू तो का सोडलास.

"भाइयों के घर आने-जाने कू होना ना, करके अंगूठा दी मैं," ती म्हणाली. "हिस्सा ली तो फिर दरवाजा कौन खोलता?"

आणि सहा वर्षांपासून ते दारच आम्ही बंद करून ठेवले होते. ज्याच्या बदल्यात तिने जमीन सोडली, ते माहेर आता कंपाउंडच्या आत जाणार होते.

फुफी झोपल्यावर कंदिलाच्या उजेडात आम्ही मुलीच्या वहीत हिशेब मांडला. मुलाला दोन भाग, मुलीला एक. तीन भाऊ आणि एक बहीण, म्हणजे सात भाग. साडेतीन एकर म्हणजे १४० गुंठे. फुफीचा भाग २० गुंठे, बरोबर अर्धा एकर. ते तिन्ही भावांत वाटले गेले. प्रत्येकाकडे साडेसहा-पावणेसात गुंठे जास्तीचे आले, आमच्या अब्बांकडेही. पुढे पेन थांबेना. अब्बांचे स्वतःचे ४० गुंठे. त्यांत अम्मींचा आठवा हिस्सा, ५ गुंठे. उरलेल्या ३५ मध्ये आम्ही दोघे भाऊ आणि आपा. आपाचे ७, आमचे प्रत्येकी १४. अब्बांच्या वारसांची नोंद आम्ही अजून केलेली नव्हती. सौदा झाला असता तर पैसे दोघा भावांत वाटून घ्यायचे असेच मनात धरले होते. आपाला काहीतरी चांगले घेऊन देऊ, असेही ठरवले होते. एखादा दागिना वगैरे.

आकडा किती लहान होता पाहा. सात गुंठे. कोणाचे घर त्यावर उभे राहणार नाही. पण सूरह निसामध्ये मुलीचा वाटा अल्लाहने ठरवून दिला आहे, तो भावांच्या मर्जीवर किंवा मनाच्या मोठेपणावर सोडलेला नाही. वाटा छोटा आहे म्हणून तो माफ होत नाही. आणि बहिणीने संकोचाने, माहेर तुटेल या भीतीने सोडलेला हक्क खुशीने सोडला असे आपण कसे म्हणायचे? कागद बरोबर होता. त्यावर तारीख होती, साक्षीदार होते. फुफीला कोणी काही विचारले नव्हते, एवढेच.

पहाटे फजरला उठलो तेव्हा खालची दरी धुक्याने भरलेली होती. विहिरीवर वुजूला गेलो. पाणी आश्चर्य वाटावे इतके कोमट होते. आबांची सून आमच्या आधी येऊन घागर भरून गेली होती. तिच्या ओल्या पावलांचे ठसे दगडावर होते. रसूलुल्लाह ﷺ यांनी गरजेपेक्षा जास्तीचे पाणी दुसऱ्यापासून अडवून ठेवायला मनाई केली आहे. झाडाचे फळ माणसाने, पक्ष्याने किंवा जनावराने खाल्ले तर ते लावणाऱ्याच्या नावावर सदका ठरते, ही शिकवणही आपण मुलांना पाठ करून घेतो. आमच्या दादाजानांनी पढाई केली नव्हती. त्यांनी विहीर खोल केली आणि नळी लावू दिली. फुफीने शेंड्याची फळे सोडली. आम्ही बी.एड. केलेले आणि आम्ही "विहीर आत येते" म्हणून सांगून मोकळे झालो होतो.

सूर्य वर आल्यावर फोन लागला. गिऱ्हाइकाला इसार घेणार नाही असे कळवले. पुण्याचे चुलतभाऊ नाराज झाले. त्यातल्या एकाच्या मुलाच्या शिक्षणाचे पैसे त्यात धरलेले होते आणि त्याची अडचण खोटी नाही. धाकटे चाचा म्हणाले, "तीस वर्षांपूर्वीचा कागद आता कशाला उकरता?" आम्ही त्यांना विहिरीचे आणि वाकड्या बोटाचे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते दगड तिनेच उचलले. मी तेव्हा लहान होतो, काठावर बसून बघत होतो." पुढे काहीच न बोलता त्यांनी फोन ठेवला.

त्यामुळे सगळे ठरले असे सांगता येणार नाही. त्यांचे त्यांना ठरवू द्या. आमच्या हातात जेवढे होते तेवढे आम्ही ठरवले. अब्बांकडे फुफीच्या हिश्शातून आलेले गुंठे तिच्या नावे परत करायचे. अम्मी आणि आपांसकट वारसांची नोंद करायची. कोणी आपला वाटा विकला तरी विहिरीचे पाणी सामायिक राहील, वाडीची नळी चालू राहील, हे कागदावर आणायचे. माळवदाच्या कोपऱ्याची डागडुजी उन्हाळ्याआधी करायची. ही कामे सांगायला चार ओळींत झाली, तलाठी कार्यालयात किती चकरा होतील ते अल्लाहच जाणे.

फुफीला हे सांगितले तेव्हा ती चुलीपुढे होती. "सात गुंठे का क्या करती मैं, इस उमर में?" असे म्हणून ती हसली. भाकरी उलटली. मग जरा वेळाने, आमच्याकडे न बघता, म्हणाली, "वो बावडी पे का शरीफे का झाड मेरे में आता क्या देखो."

देखते, फुफी. मोजणी व्हायची आहे, पण ते झाड तुझ्यातच येईल असे बघू, इन्शाअल्लाह.

निघताना कुलूप पुन्हा लावले. एक किल्ली फुफीने ओढणीला बांधली, दुसरी आबांकडे ठेवली, म्हणजे उन्हाळ्यात कोणी तरी दार उघडून वारा घेत जाईल. वाटेवरचे गवत आमच्या दोन दिवसांच्या येण्याजाण्याने थोडे दबले होते. गाडीत गवतात गुंडाळलेली सीताफळे होती. त्यातली काही आपाकडे पोहोचवायची होती आणि त्याबरोबर एक गोष्ट सांगायची होती, जी आम्ही सहा वर्षांपूर्वीच सांगायला हवी होती.

तुमचेही असे एखादे घर कुठे डोंगरात, खेड्यात कुलूप लावून ठेवलेले असेल, तर येत्या सुट्टीत जरूर जा. मुलांना घेऊन जा. आणि घरातली सर्वांत म्हातारी बाई, जिचे नाव त्या सातबाऱ्यावर नाही, तिलाही बरोबर घ्या. वाट तिलाच माहीत असते.